जेवढे असेल तेवढे

दिवाळीत चार घरची मंडळी एकत्र जमली, फराळाची ताटे रिकामी झाली आणि मोठ्यांच्या गप्पा रंगात आल्या, की एखादे मामा घरातल्या पोरांना भोवती गोळा करतात. "मनात एक संख्या धर बघू. धरलीस? आता तिची दुप्पट कर. त्यात दहा मिळव. जे येईल त्याचे निम्मे कर. आता पहिल्याने धरलेली संख्या त्यातून काढून टाक. पाच उरले की नाही?" पोर आ वासून पाहत राहते. मामांनी मनातले ओळखले कसे?

मामांनी मनातले काहीच ओळखलेले नसते. पोराने सात धरले होते की सतरा, याचा त्यांना पत्ता नसतो आणि तो असण्याची गरजही नसते. जे ठाऊक नाही ते ठाऊक नसतानाच त्याच्याशी व्यवहार करायचा, त्याची दुप्पट करायची, निम्मे करायचे, आणि शेवटी त्याच्याकडूनच त्याचे नाव-गाव वदवून घ्यायचे, ही बीजगणिताची सारी किमया. शाळेत ती 'एका अव्यक्ताचे समीकरण' या भारदस्त नावाने भेटते आणि कित्येकांच्या अंगावर काटा उभा करून जाते. परंतु ही युक्ती मनुष्याला एका दिवसात सुचलेली नाही. तिच्यामागे साडेतीन हजार वर्षांची वाटचाल आहे, आणि त्या वाटेवरचा एक मोठा मुक्काम आपल्या सह्याद्रीच्या कुशीत, खानदेशात आहे. आजच्या सणाच्या निमित्ताने ती वाट एकदा चालून पाहू.

वाटेची सुरुवात नाईल नदीच्या काठी होते. १८५८ साली हेन्री ऱ्हिंड नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने ईजिप्तमधील लक्सर गावी पपायरसाची एक जुनी गुंडाळी विकत घेतली. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. ख्रिस्तपूर्व १५५० च्या सुमारास अहमोस नावाच्या लेखनिकाने ती लिहिली, आणि तीही त्याहून जुन्या पोथीवरून उतरून घेतली. तिच्यात धान्याचे, भाकरींचे, शेताच्या मोजणीचे हिशेब आहेत; आणि मधेच एक निराळा प्रश्न येतो. एक रास आहे. तिच्यात तिचाच सातवा भाग मिळवला तर १९ होतात. तर रास केवढी?

अहमोसाची रीत पाहण्यासारखी आहे. तो म्हणतो, रास ७ आहे असे धरा. ७ धरण्याचे कारण उघड आहे, त्याचा सातवा भाग अपूर्णांकावाचून निघतो. सातात एक मिळवला, ८ झाले. हवे होते १९. मग आठाचे एकोणीस होण्यासाठी जेवढी पट लागेल, तेवढ्याच पटीने साताला वाढवायचे. उत्तर येते १६ पूर्णांक ५/८, म्हणजे आपल्या आजोबांच्या भाषेत साडेसोळा आणि वर अर्धपाव. अंदाज मुद्दाम चुकीचा घ्यायचा आणि त्याच्या चुकीवरून बरोबर उत्तर काढायचे, अशी ही चतुर रीत आहे.

हीच रीत आपल्याकडेही होती आणि तिला 'इष्टकर्म' असे सुरेख नाव होते. इष्ट म्हणजे आपल्या इच्छेने धरलेली संख्या. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त तिचे एक मनोहर उदाहरण आहे. कोणा भाविकाने कमळांच्या एका राशीतला तिसरा भाग शंकराला वाहिला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला. आणि उरलेल्या सहा कमळांनी गुरूचे चरण पूजिले. तर कमळे एकंदर किती? आता रास ६० आहे असे धरा. वीस, बारा, दहा आणि पंधरा मिळून ५७ गेली, उरली ३. हवी होती ६, म्हणजे दुप्पट. तेव्हा साठाची दुप्पट करा. कमळे १२०. घरातल्या चौथी-पाचवीतल्या मुलाला हे उदाहरण घालून पाहावे. पाटी-पेन्सिलीवाचून तो ते सोडवील.

परंतु या रीतीला एक मर्यादा आहे, आणि तिच्यापाशीच आपल्या हकीगतीला खरे वळण लागते. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या दुसऱ्या ग्रंथातले एक उदाहरण घेऊ. एका माणसाजवळ ३०० रुपये रोख आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे दहा घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर १०० रुपयांचे कर्ज आहे. दोघेही सारखेच श्रीमंत आहेत. तर एका घोड्याची किंमत काय?

इथे इष्टकर्म चालवून पाहा. घोडा ५० रुपयांचा धरला, तर पहिल्याची मालमत्ता ६०० होते आणि दुसऱ्याची ४००. आता कशाला कशाच्या पटीने वाढवणार? कमळांच्या उदाहरणात सारे भाग राशीबरोबर वाढत होते. रास दुप्पट केली की उरलेली फुलेही दुप्पट. इथे घोड्याची किंमत दुप्पट केली तरी तिजोरीतले ३०० रुपये काही दुप्पट होत नाहीत, आणि सावकाराचे १०० ही होत नाहीत. एकच अंदाज घेऊन तो ताणण्याची युक्ती येथे लंगडी पडते. दोन अंदाज घेऊन त्यांच्या चुकांच्या फरकावरून उत्तर गाठता येते, आणि चीनमधल्या 'नऊ अध्याय' या प्राचीन गणितग्रंथात तशी रीत दिलेली आहे. पण ती झाली अंदाजाचीच सुधारलेली आवृत्ती. अंदाज मुळीच न करता हा प्रश्न सुटेल काय?

त्याला एक धीटपणा लागतो. किंमत ठाऊक नाही हे सरळ कबूल करायचे, तिला एक नाव द्यायचे, आणि ती ठाऊक असल्याप्रमाणे पुढचा हिशेब मांडायला लागायचे.

हा धीटपणा आपल्याकडे फार लवकर दिसतो. आर्यभटाने आपला ग्रंथ इसवी सन ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी लिहिला. त्यात ज्या वस्तूची किंमत ठाऊक नाही तिला तो 'गुलिका' म्हणतो. गुलिका म्हणजे गोळी. दोन माणसांजवळ काही गुलिका आणि काही रोकड असून दोघांची मालमत्ता सारखी असेल, तर रोकडीतील अंतराला गुलिकांच्या अंतराने भागावे, म्हणजे एका गुलिकेची किंमत निघते, असा त्याचा नियम आहे. घोड्यांच्या उदाहरणाचा हा पूर्वजच म्हणायचा.

पुढे ६२८ साली भिल्लमाल येथे, म्हणजे आजच्या राजस्थानातील भीनमाळ येथे, तीस वर्षांच्या ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' रचला. त्याने ठाऊक नसलेल्या संख्येला 'अव्यक्त' म्हटले. केवढा नेमका शब्द! अव्यक्त म्हणजे नसलेले नव्हे. जे आहे, पण अजून प्रकट झालेले नाही ते. आर्यभटाचा नियम त्याने अधिक व्यापक केला, आणि त्याच ग्रंथात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे व गुणाकारांचे नियम दिले. ऋण म्हणजे कर्ज. शंभर रुपयांचे कर्ज ही देखील एक संख्याच आहे आणि तिच्यावर इतर संख्यांप्रमाणे क्रिया करता येतात, हे त्याने नियमांत बसवले. युरोपात सोळाव्या शतकातसुद्धा चांगले चांगले गणिती ऋणसंख्येला 'खोटी' आणि 'असंबद्ध' म्हणत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. आजही आपली मुले शाळेत 'धन' आणि 'ऋण' म्हणतात तेव्हा, त्यांना ठाऊक असो वा नसो, व्यापाऱ्याच्या चोपडीतले शब्द वापरत असतात.

आता भास्कराचार्यांकडे येऊ. त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पुरा केला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचे ते स्वतःच सांगतात, आणि विद्या आपल्याला वडिलांकडून, महेश्वरांकडून, मिळाली हेही सांगतात. ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांची बीजगणिते फार विस्तृत आहेत म्हणून शिष्यांसाठी त्यांचे सार काढले, असे ते मोकळेपणाने नमूद करतात. मागच्यांचे ऋण मानण्याची ही पद्धत मोठी लोभस आहे.

अव्यक्त संख्येला आपल्या गणितज्ञांनी दिलेले रूढ नाव होते 'यावत्-तावत्'. मराठीत सांगायचे तर 'जेवढे असेल तेवढे'. दुकानदाराला आपण म्हणतो ना, "जेवढे होतील तेवढे लिहून ठेवा," अगदी तोच भाव! लिहिताना त्याचे पहिले अक्षर 'या' तेवढे लिहीत. ठाऊक असलेल्या संख्येला 'रूप' म्हणत, तिचे अक्षर 'रू'. अव्यक्ते एकाहून अधिक असली, तर त्यांना रंगांची नावे मिळत: कालक, नीलक, पीतक, लोहितक. त्यांची अक्षरे का, नी, पी, लो. ऋणसंख्या दाखवायची झाली की तिच्या डोक्यावर एक टिंब. बरोबरीचे चिन्ह नव्हते. दोन्ही पक्ष एकाखाली एक लिहिले म्हणजे ते सारखे समजायचे.

तेव्हा घोड्यांचे उदाहरण असे मांडले जाई:

या ६ रू ३००
या १० रू १००

खालच्या शंभरावर मात्र कर्जाचे टिंब. आता 'समशोधन' करायचे. म्हणजे दोन्ही पक्षांतून सारखेच काढून टाकायचे. दोघांजवळचे सहा-सहा घोडे बाजूला केले. वर उरले रोख ३००. खाली उरले चार घोडे आणि १०० चे कर्ज. आता दोघांनाही शंभर-शंभर रुपये द्या. खालच्याचे कर्ज फिटले आणि वरच्याची रोकड ४०० झाली. म्हणजे चार घोड्यांची किंमत ४०० रुपये, आणि एका घोड्याची १००. अंदाज कुठेही नाही. बरोबरी न मोडता दोन्हीकडचे ओझे हळूहळू उतरवत गेलो, आणि शेवटी एका बाजूला अव्यक्त एकटे उभे राहिले. आजच्या शाळेतले पुस्तक यापेक्षा वेगळे काही करत नाही. 'या' च्या जागी तिथे 'क्ष' येतो, इतकेच.

मामांचे कोडेही आता उलगडते. पोराने धरलेली संख्या 'या १'. दुप्पट केली, 'या २'. दहा मिळवले, 'या २ रू १०'. निम्मे केले, 'या १ रू ५'. धरलेली संख्या काढून टाकली, राहिले 'रू ५'. पोराच्या मनात काहीही असो, ते आले तसे निघून जाते आणि मामांनी आपल्या हाताने घातलेल्या दहांचे निम्मे तेवढे मागे राहते. पुढल्या खेपेला मामांनी दहाऐवजी चौदा मिळवायला सांगून सात काढून दाखवावेत!

हे सारे आपलेच आणि जगाने ते आपल्याकडून उचलले, असे मात्र कोणी म्हणू नये. इतिहास तसे सांगत नाही. अलेक्झांड्रियाच्या डायोफँटसानेही ठाऊक नसलेल्या संख्येला स्वतंत्र चिन्ह दिले होते. बगदादमध्ये खलिफा अल्-मामूनच्या काळी, इसवी सन ८२० च्या सुमारास, अल्-ख्वारिज्मीने जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातल्या 'अल्-जब्र' या शब्दावरून इंग्रजीतला 'अल्जिब्रा' आला. जब्र म्हणजे मोडलेले पुन्हा सांधणे. स्पेनमध्ये मोडलेले हाड बसवणाऱ्यालाही 'अल्हेब्रिस्ता' म्हणत. वजा झालेली रक्कम दुसऱ्या बाजूला मिळवून पहिली बाजू सांधायची, असा त्या शब्दाचा गणितातला अर्थ. अल्-ख्वारिज्मीने हिंदी अंकांवरही पुस्तक लिहिले होते. परंतु त्याच्या बीजगणितात ऋणसंख्या नाहीत, चिन्हे नाहीत, सारा मजकूर शब्दांत आहे, आणि ग्रंथाचा मोठा भाग वारसांच्या वाटण्यांचे हिशेब कसे करावेत यात खर्च झाला आहे. त्याची वाट निराळी होती. तो अव्यक्ताला 'शै' म्हणे. शै म्हणजे वस्तू. ११४५ मध्ये, म्हणजे भास्कराचार्यांच्या ग्रंथाच्या पाच वर्षे आधी, चेस्टरच्या रॉबर्टने स्पेनमधल्या सेगोव्हिया गावी त्याचे लॅटिन भाषांतर केले. त्या 'वस्तू'ला इटलीत 'कोसा' म्हणू लागले. बरोबरीच्या दोन आडव्या रेघा १५५७ साली इंग्लंडातल्या रॉबर्ट रेकॉर्डने प्रथम काढल्या; दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दुसऱ्या दोन वस्तू कोणत्या, असे त्याचे कारण. आणि वर्णमालेतली शेवटची अक्षरे अव्यक्तांसाठी राखून ठेवण्याचा फ्रान्सच्या देकार्तचा रिवाज १६३७ पासून रूढ झाला. आपल्या मुलांच्या वहीतला 'क्ष' तिथून आला.

गोळी, अव्यक्त, जेवढे-तेवढे, वस्तू, क्ष. नावे निराळी, माणसे निराळी, धीटपणा एकच. मग आपल्या वाट्याला यात अभिमान बाळगण्यासारखे काय आहे? आमच्या मते, त्याचे उत्तर चाळीसगावजवळच्या पाटण येथल्या एका दगडावर कोरलेले आहे.

हे पाटण आज पाटणादेवी या नावाने लोकांना ठाऊक आहे. तिथल्या देवीच्या देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली विद्वानांपुढे मांडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ, आणि त्यांतही 'सिद्धान्तशिरोमणी', यांच्या अध्ययनासाठी त्याने येथे एक मठ स्थापन केला, आणि त्या भागातल्या निकुंभ घराण्यातील सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्याला दान दिले. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. पण दानाच्या तपशिलाशी येताच लेखाची भाषा बदलते आणि मराठी सुरू होते. या पाटणात जो माल विक्रीला येईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला दिला आहे, अशा अर्थाचा तो मजकूर आहे.

याचा अर्थ काय झाला, तो पाहा. बाजारात माल घेणाऱ्या माणसाच्या पदरचा काही अंश बीजगणित शिकवणाऱ्या मठाकडे जात होता. त्या गिऱ्हाइकाला 'यावत्-तावत्' कशाशी खातात हे ठाऊक असेलच असे नाही. पण त्याच्या पैशावर एक विद्या जिवंत राहावी असे कोणीतरी ठरवले, आणि तो ठराव लोकांना कळावा म्हणून लोकांच्या भाषेत दगडावर खोदला. ज्ञानेश्वरी लिहून होण्याच्या आधी जवळजवळ ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे, मराठी भाषा गणिताच्या पाठशाळेचा हिशेब लिहीत होती!

तो मठ पुढे राहिला नाही. ग्रंथ मात्र राहिले आणि दूरदूर फिरले. १५८७ मध्ये अकबराच्या आज्ञेवरून फैजीने 'लीलावती' फारसीत नेली. मुलीचे लग्न, घटिकापात्रात पडलेला मोती आणि हुकलेला मुहूर्त ही घरोघर सांगितली जाणारी गोष्ट फैजीच्याच पुस्तकात आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती नाही. १६३४ मध्ये, शाहजहानच्या काळी, अताउल्ला रशीदीने 'बीजगणिता'चे फारसी भाषांतर केले. त्या फारसीवरून १८१३ मध्ये एडवर्ड स्ट्रेचीने ते इंग्रजीत आणले, आणि १८१७ मध्ये कोलब्रूकने मूळ संस्कृतावरून ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य या दोघांची बीजगणिते इंग्रजी वाचकांपुढे ठेवली. सह्याद्रीच्या पायथ्याचे घोडे असे लंडनपर्यंत दौडत गेले.

आणि आपल्याकडे? नव्या शाळांतून हा विषय आला तेव्हा तो परदेशातून आल्यासारखा वाटला, आणि पुष्कळ घरांत अजूनही तसाच वाटतो. "आम्हांला क्ष कधी कळला नाही, तुला काय कळणार?" असे वडीलच हसत हसत सांगतात आणि पोराची भीती पक्की करून टाकतात. परंतु विषयाचे नाव 'बीजगणित', रीतीचे नाव 'समीकरण', चिन्हांची नावे 'धन' आणि 'ऋण'. सारे शब्द घरचेच आहेत. हरवली आहे ती ओळख. कर्ज, रोकड आणि घोडे यांच्या भाषेत जो प्रश्न पाटणच्या मठातल्या मुलाला समजत असेल, तो कोऱ्या अक्षरांत मांडला म्हणून आपल्या मुलाला परका वाटतो. म्हणून पहिल्या दिवशी 'क्ष' लिहू नये. "जेवढे असेल तेवढे" असे म्हणावे. मूल पुढचे पाऊल आपणहून टाकते.

भास्कराचार्यांनाही हीच काळजी होती. अक्षरे म्हणजे बीजगणित नव्हे, खरे बीज एकच आणि ते म्हणजे बुद्धी, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. अक्षरे आणि रंग हे तिचे मदतनीस. जे ठाऊक नाही त्याला न घाबरता नाव द्यावे, त्याला दोन्ही पारड्यांत मोजून घ्यावे, दोन्हीकडून सारखेच काढावे आणि सारखेच घालावे, म्हणजे ते प्रकट होते; एवढीच ती बुद्धी, आणि ती कोणाही मुलाजवळ असते.

शेवटी ताळा पाहायचा राहिला. तो आपल्या हिशेबी माणसांनी कधी चुकवला नाही, आपणही चुकवू नये. घोडा १०० रुपयांचा. पहिल्याचे सहा घोडे ६००, रोकड ३००, मिळून ९००. दुसऱ्याचे दहा घोडे १०००, त्यातून कर्ज १०० गेले, राहिले ९००. दोन्ही पारडी सारखी. घरातल्या मुलांना उत्तर सांगू नका. घोडे, रोकड आणि कर्ज तेवढे सांगा, आणि फराळाचे ताट संपेपर्यंत वाट पाहा.